खिडकीवरचे काम आणि संगणकावरचा पाठ

नागरी सहकारी बँकांच्या संचालक मंडळांपुढे हल्ली एक विषय वारंवार येतो. नोकरवर्गाचे प्रशिक्षण संगणकाच्या द्वारे व्हावे असा ठराव होतो, अंदाजपत्रकात त्यासाठी रक्कम राखून ठेवली जाते, पुरवठादार येऊन आपापले पाठ पडद्यावर दाखवून जातात, आणि मग मुख्य कचेरीतील ज्या अधिकाऱ्याच्या माथी हे काम आलेले असते त्याला प्रश्न पडतो की, यांतले घ्यावे काय, ते कोणाला व केव्हा शिकवावे, आणि शिकविल्याचा उपयोग झाला की नाही हे कशावरून ओळखावे. पुण्याच्या वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्थेसारख्या ठिकाणी चार माणसे आठवडाभर पाठविणे मोठ्या बँकेस परवडते. परंतु तालुक्याच्या गावी ज्या शाखेत एक व्यवस्थापक, दोन लिपिक, एक रोखपाल आणि एक शिपाई एवढाच नोकरवर्ग असतो, तेथून एक माणूस उठला की खिडकी बंद पडते. अशा शाखेपर्यंत शिक्षण नेऊन पोहोचविण्याचे सामर्थ्य संगणकात खरोखरच आहे, आणि म्हणूनच हे साधन वाया जाऊ नये अशी माझी कळकळ आहे. हा लेख त्या अधिकाऱ्यासाठी आहे. नगरपालिकेच्या दफ्तरात किंवा कारखान्यात जे हेच काम पाहतात, त्यांनाही त्यातले पुष्कळसे उपयोगी पडावे.

माझे मुख्य म्हणणे एवढेच की, पाठाचा आरंभ विषयाच्या माहितीपासून करू नये. कामात जेथे चूक होते, जेथे माणूस क्षणभर थबकतो आणि ‘आता काय करू?’ असे त्याला वाटते, त्या जागेपासून करावा. बाकीचे सारे, म्हणजे पाठाची लांबी, वेळ, भाषा, परीक्षा आणि खरेदी, या एका निर्णयातून आपोआप ठरत जाते.

यंत्राकडून शिकण्याची कल्पना काही आजची नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर हे 1953 साली आपल्या मुलीच्या शाळेत गणिताच्या तासाला जाऊन बसले असता त्यांच्या ध्यानात आले की, मुलांना आपले उत्तर बरोबर की चूक हे त्याच वेळी कळत नाही, आणि वर्गातील सर्वांना एकाच चालीने पुढे जावे लागते. ज्याला येते तो खोळंबतो आणि ज्याला येत नाही तो मागे पडतो. या दोन दोषांवर उपाय म्हणून त्यांनी शिकविणारे यंत्र तयार केले. पुढे 1960 साली इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्लेटो’ नावाची प्रणाली उभी केली, तेव्हा तेच कार्य संगणकाकडे आले. आपल्याकडे केंद्र सरकारने सप्टेंबर 2020 मध्ये ‘मिशन कर्मयोगी’ला मान्यता दिली आणि सरकारी नोकरवर्गासाठी संगणकीय पाठांचे मोठे भांडार उघडले. या सर्व प्रवासात संगणकाचे खरे गुण दोनच राहिले आहेत: शिकणाऱ्याला काही तरी करावयास लावणे व त्याचे फळ तत्काळ दाखविणे, आणि ज्याला जेवढा वेळ हवा तेवढा देणे. ज्या पाठात कोणी सूटबूट घातलेला वक्ता चाळीस मिनिटे बोलत राहतो आणि कर्मचाऱ्याने फक्त ‘पुढे’ हे बटण दाबत जावयाचे असते, त्यात यांपैकी एकही गुण नाही. तेच व्याख्यान सभागृहात झाले असते तर निदान शेवटी हात वर करून प्रश्न तरी विचारता आला असता.

एक उदाहरण तपशिलाने घेतो, म्हणजे मला काय अभिप्रेत आहे ते स्पष्ट होईल. बनावट नोटांसंबंधी रिझर्व्ह बँकेचे निर्देश प्रत्येक बँकेस लागू आहेत आणि रोखपालास ते ठाऊक असणे अनिवार्य आहे. या विषयावरचे बहुतेक पाठ नोटांच्या इतिहासाने सुरू होतात, मग सुरक्षाचिन्हांची यादी येते, मग निर्देशांतील कलमे एकामागून एक पडद्यावरून सरकतात, आणि अखेरीस दहा प्रश्नांची परीक्षा होते. आता हाच पाठ खिडकीपासून सुरू करून पाहा. पडद्यावर भाजी मंडईतला एक व्यापारी उभा आहे. गेली कित्येक वर्षे तो याच शाखेत रोज दुपारी भरणा करतो, सर्वांच्या ओळखीचा आहे. त्याच्या भरण्यात पाचशेची एक नोट बनावट निघते. रोखपालबाई त्याला तसे सांगतात, तेव्हा तो ओशाळून म्हणतो, “अहो मॅडम, ती एवढी नोट मला परत द्या, ज्यानं दिली त्याच्या तोंडावर मारतो. तुमच्या कागदात कशाला ती भानगड?” मागे रांगेत सात-आठ माणसे आहेत. येथे पाठ थांबतो आणि विचारतो: तुम्ही काय कराल?

नोट परत द्यावी, फाडून टाकावी, व्यवस्थापकांकडे नेऊन विषय मिटवावा, की जप्त करावी, असे चार मार्ग समोर असतात, आणि शिकणाऱ्याने जो निवडला असेल त्याचा परिणाम त्याला तेथल्या तेथे दिसतो. ज्याने ओळखीला मान देऊन नोट परत केली, त्याला कळते की सापडलेली बनावट नोट जप्त न करणे म्हणजे ती चलनात फिरविण्यास बँकेने जाणूनबुजून हातभार लावणे असे रिझर्व्ह बँक मानते व त्याबद्दल दंड होतो. ज्याने ती फाडली, त्याला कळते की नोट नष्ट करण्याचा अधिकार शाखेला नाही. ज्याने जप्तीचा मार्ग धरला, त्याला पुढची पावले टाकावी लागतात: नोटेवर ‘बनावट नोट’ असा शिक्का मारणे, स्वतंत्र नोंदवहीत नोंद करणे, तिची रक्कम खात्यात जमा न धरणे, आणि व्यापाऱ्याला विहित नमुन्यातील पावती देणे, त्याने पावतीवर सही करण्यास नकार दिला तरीही पावती द्यावयाचीच. मग पाठ एक पाऊल पुढे जातो आणि विचारतो की, हीच नोट एक नसून पाच असत्या तर? एका व्यवहारात चारपर्यंत नोटा सापडल्या तर महिन्याअखेरीस एकत्रित अहवालासह त्या पोलिसांकडे जातात. पाच किंवा अधिक सापडल्या तर तत्काळ प्राथमिक माहिती अहवालासाठी स्थानिक पोलीस ठाण्याकडे जावे लागते. कलमे तीच आहेत, शब्दही जवळजवळ तेच आहेत. पण आता ती एका निर्णयाला चिकटून बसली आहेत, आणि खिडकीवर तसा प्रसंग आला म्हणजे ती आठवतात.

या पाठात आणखी एक गोष्ट हवी, आणि ती मात्र संगणकाला देता येत नाही. त्या व्यापाऱ्याशी बोलावयाचे कसे? ‘तुम्ही बनावट नोट आणली’ हे वाक्य आणि ‘तुमच्याकडे कोणीतरी ही नोट खपवलेली दिसते, आता नियमाप्रमाणे मला ती ठेवून घ्यावी लागेल आणि तुम्हाला पावती द्यावी लागेल’ हे वाक्य, यांत जो फरक आहे तो आवाजाचा आणि नजरेचाही आहे. तसेच नोटेची पारख. पाचशेच्या नोटेवरील सुरक्षाधागा नोट तिरकी केली असता हिरव्याचा निळा होतो, छपाईचा उठाव बोटाला लागतो, दोन्ही कडांना तिरप्या रेषा उठून दिसतात. हे पडद्यावर वाचता येते, पण बोटाला शिकविता येत नाही. म्हणून पडद्यावरचा पाठ झाल्यावर त्याच आठवड्यात शाखेतील जुन्या रोखपालाने नव्या माणसाला पाऊण तास शेजारी बसवून खऱ्या नोटा हाताळावयास द्याव्यात. बनावट नोट शाखेत नमुना म्हणून ठेवता येत नाही, ती पोलिसांकडेच जाते. तेव्हा खऱ्या नोटेचा स्पर्श बोटांत इतका मुरला पाहिजे की वेगळी नोट आली म्हणजे बोट आपोआप अडखळावे. नियम व निर्णय संगणकाने शिकवावेत, हात व वाणी माणसाने शिकवावी, ही विभागणी मी प्रत्येक विषयास लावून पाहतो आणि ती बहुधा खरी ठरते.

अशा जागा शोधावयाच्या कशा, असे कोणी विचारील. त्यांचा शोध दफ्तरातच घेता येतो. गेल्या वर्षभरातील अंतर्गत तपासनीसांचे अहवाल काढावेत आणि कोणता शेरा कोणत्या शाखांना पुन्हा पुन्हा मिळाला आहे याची यादी करावी. ग्राहकांच्या तक्रारींची नोंदवही पाहावी. मुख्य कचेरीतून त्रुटीसह परत गेलेली कर्जप्रकरणे आणि अपुऱ्या कागदपत्रांची खाती चाळावीत. मग शाखांत जाऊन दोन-तीन जुन्या माणसांना विचारावे की, नवीन मुले अडतात कोठे. या सर्वांतून पंधरा-वीस जागा हाती येतील. त्यांतून पहिल्या वर्षासाठी तीनच निवडाव्यात: ज्यात पैसा जातो अशी एक, ज्यात कायद्याचा भंग होतो अशी एक, आणि ज्यात ग्राहकाचा मान दुखावतो अशी एक. एकाच वर्षी साठ पाठ आणणाऱ्या बँकेपेक्षा तीन पाठ नीट मुरविणारी बँक अधिक शिकते, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

पाठ दहा-बारा मिनिटांचा असावा आणि त्यात एकच निर्णय असावा. हरमान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून 1885 साली दाखविले की, शिकलेले विसरण्याचा वेग आरंभी फार असतो व पुढे मंदावतो. आणि अलीकडे, 2006 मध्ये, रोडिगर व कार्पिके या दोघा संशोधकांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग करून दाखविले की, मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या स्मरणात तो आठवड्यानंतर अधिक राहतो, जरी पाच मिनिटांनंतर घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारेच पुढे होते. प्रशिक्षणाच्या दिवशी घेतलेल्या परीक्षेवर जे विसंबतात त्यांनी या शेवटच्या गोष्टीचा विचार अवश्य करावा. म्हणून पाठ संपला की विषय संपला असे न मानता, तीन दिवसांनी एक, तीन आठवड्यांनी एक आणि तीन महिन्यांनी एक असे प्रश्न पुन्हा पाठवावेत. प्रश्न तोच नसावा, प्रसंग बदललेला असावा. व्यापाऱ्याच्या जागी पेन्शन घेणाऱ्या आजी असाव्यात, नोटा दोनच्या सहा झालेल्या असाव्यात. संगणकाला हे स्मरण ठेवण्याचा आळस नसतो, आणि त्याचा हा गुण फार थोड्या कचेऱ्या वापरून घेतात.

आता वेळेविषयी, कारण सगळे प्रयत्न बहुधा येथेच फसतात. परिपत्रक निघते की अमुक तारखेच्या आत सर्वांनी पाठ पूर्ण करावेत. त्या परिपत्रकात वेळ कोठून काढावा याचा उल्लेख नसतो. मग लिपिक रात्री घरी मोबाइलवर पाठ उघडतो. स्त्री कर्मचारी मुलांची जेवणे, सासू-सासऱ्यांची औषधे आटोपून अकरा वाजता तो लावते. आणि काही शाखांत एकच चलाख मुलगा सर्वांचे संकेतशब्द घेऊन सर्वांचे पाठ एका दुपारी उरकून टाकतो. या शेवटच्या प्रकाराबद्दल कर्मचाऱ्यांना दोष देण्यापूर्वी व्यवस्थापनाने स्वतःला विचारावे की, आपण त्यांना वेळ दिला होता काय. प्रशिक्षण हे नोकरीचेच काम आहे, सबब ते नोकरीच्या वेळात झाले पाहिजे. शाखा उघडण्यापूर्वीचा अर्धा तास, आठवड्यातून एक दिवस, ठरावीक माणसाला, ठरावीक जागी, असा बंदोबस्त करावा. महिन्याचे पहिले पाच-सहा दिवस, जेव्हा पेन्शन आणि पगाराची गर्दी असते, ते वगळावेत. मार्च महिना तर सबंध सोडून द्यावा. जागा खिडकीवरची नसावी, कारण तेथे बसलेल्या माणसाला ग्राहक हाक मारणारच. व्यवस्थापकांच्या खोलीतील एखादे टेबल, आवाज कानापुरता ठेवणारे साधन आणि दारावर ‘प्रशिक्षण चालू’ अशी पाटी, एवढ्याने भागते.

ज्यांची नोकरी संपत आली आहे अशा कर्मचाऱ्यांविषयी दोन शब्द लिहिणे मला अगत्याचे वाटते. खातेवहीच्या जाड पानांवर ज्यांनी हिशेब मांडले, गावातल्या निम्म्या खातेदारांच्या सह्या ज्यांना पाहताक्षणी ओळखू येतात, त्या माणसांना माऊस हातात धरून अडखळताना आपल्या मुलाच्या वयाच्या सहकाऱ्याने पाहावे, याचा संकोच फार खोल असतो, आणि तो न ओळखता त्यांना सर्वांच्या रांगेत बसविले तर ते शिकत नाहीत, केवळ वेळ काढतात. त्यांना पहिले दोन पाठ एकट्याने, कोणाच्या नजरेखाली न येता, हव्या तितक्या वेळा करू द्यावेत. संगणकाजवळ धीर आहे, तो त्यांना पुरेपूर मिळू द्यावा. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाठ रचतानाच त्यांना बोलवावे. भरणा करणारा व्यापारी नेमके काय बोलतो, अंगठा उठविणाऱ्या खातेदाराला नातेवाईक कसा घाई करतो, वारसाचे दोन भाऊ एकाच वेळी येऊन उभे राहिले म्हणजे काय होते, हे त्यांच्याखेरीज कोणी सांगू शकत नाही. त्यांच्या सांगण्यातून जो प्रसंग तयार झाला त्याच्या पाठावर त्यांचे नाव घालावे. ज्या पाठात आपल्या अनुभवाचा अंश आहे तो शिकण्यास माणूस नकार देत नाही.

पाठाची भाषा शाखेत जी बोलली जाते ती असावी. संगणकप्रणालीच्या पडद्यावरची बटणे इंग्रजीत असतील तर त्यांची नावे पाठातही जशीच्या तशी ठेवावीत, नाहीतर पाठात एक आणि पडद्यावर दुसरे असे होऊन माणूस गोंधळतो. पण समजावणीची वाक्ये मराठीत, लहान, आणि एखाद्या वरिष्ठ सहकाऱ्याने शेजारी बसून सांगावी तशी असावीत. प्रत्यक्ष नोंदी करण्याचा सराव द्यावयाचा तर त्यासाठी खऱ्या खात्यांपासून अलग अशी सरावाची प्रणाली हवी, आणि तीत घातलेली नावे, आधार क्रमांक, शिल्लक हे सर्व काल्पनिक हवे. खऱ्या ग्राहकांची माहिती उतरवून सरावाला वापरणे हा त्यांच्या विश्वासाचा भंग आहे, आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदा झाल्यावर ते धोक्याचेही आहे.

काही विषय कायद्यानेच सांगितलेले असतात. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या 2013 च्या कायद्याने मालकावर ठरावीक काळाने कार्यशाळा व जाणीवजागृतीचे कार्यक्रम घेण्याची जबाबदारी टाकली आहे. येथे पडद्यावरच्या पाठाने कायद्याची ओळख द्यावी, पण तेवढ्यावर थांबणे मला कदापि मान्य नाही. अंतर्गत समितीच्या सदस्यांना प्रत्येकीने समोरासमोर पाहिले पाहिजे, तक्रार नेमकी कोणाकडे न्यावयाची हे चेहऱ्यासह ठाऊक झाले पाहिजे. पीडित स्त्री संगणकाकडे जाऊन आपले मन मोकळे करणार नाही.

खरेदीच्या वेळी दोन प्रश्न विचारले तरी पुष्कळ खर्च वाचतो. पाठ ‘स्कॉर्म’ या मानकाप्रमाणे आहेत काय, हा पहिला. कारण तसे असल्यास पुरवठादार बदलला तरी पाठ दुसऱ्या प्रणालीत नेता येतात, नसल्यास बँक त्या एका कंपनीशी बांधली जाते. आणि पाठातील मजकूर आम्हाला स्वतः बदलता येईल काय, हा दुसरा. लहान बँकेने ‘मूडल’सारखी विनामूल्य व मुक्त प्रणाली अवश्य पाहावी, 2002 पासून ती वापरात आहे, जगभरच्या शिक्षणसंस्था ती वापरतात, आणि संगणक विभागात एक जाणता माणूस असला तर ती चालविता येते. डोळे दिपविणारी चलच्चित्रे नसली तरी चालेल. व्यापाऱ्याचे एक साधे छायाचित्र आणि चार नीट लिहिलेली वाक्ये यांनी काम भागते.

फलिताच्या मोजणीविषयी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 साली मांडलेल्या चार पायऱ्या आजही कामाच्या आहेत: शिकणाऱ्यास पाठ कसा वाटला, तो काय शिकला, त्याच्या कामाची रीत बदलली काय, आणि त्यामुळे संस्थेचे काय भले झाले. आपल्या अहवालांत बहुधा या चारही पायऱ्यांच्या अलीकडची एक संख्या असते, ती म्हणजे किती जणांनी पाठ ‘पूर्ण’ केले. त्या संख्येवर संचालक मंडळाने समाधान मानू नये. ज्या तपासणी अहवालांतून विषय निवडला, त्याच अहवालांकडे सहा महिन्यांनी परत जावे आणि तोच शेरा आता किती शाखांना मिळाला आहे ते पाहावे. तो घटला नसेल तर पाठ पुन्हा तपासावा, कर्मचाऱ्याला मेमो देऊ नये. सरावातील चुका तर गोपनीयच राहाव्यात. पाठात चुकलेल्या उत्तरांचा दाखला वेतनवाढीच्या कागदात एकदा जरी गेला, तरी त्यानंतर कोणीही मनमोकळेपणाने चुकणार नाही, आणि न चुकता कोणी शिकत नाही.

शेवटची व्यवस्था पाठ जिवंत ठेवण्याची. प्रत्येक पाठाच्या पहिल्या पडद्यावर तो कोणत्या तारखेच्या निर्देशांवर आधारलेला आहे ते आणि त्याची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याचा हुद्दा ठळक लिहावा. रिझर्व्ह बँकेचे नवे परिपत्रक आले की ते शाखांना पाठविण्याच्या टपालातच त्या अधिकाऱ्याकडेही जावे, त्याने ज्या पाठांना बाध येतो ते त्याच दिवशी बंद करावेत, आणि सुधारलेला पाठ तयार होईपर्यंत त्या जागी परिपत्रकाचा मराठी सारांश व विचारणेसाठी एक दूरध्वनी क्रमांक ठेवावा. जुन्या नियमाचा पाठ चालू राहिला तर खिडकीवरचा माणूस आपण शिकविलेलीच चूक करील.